विषारी वायू ओळखणाऱ्या धातू-ऑक्साइडच्या थिन फिल्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.ला थिन फिल्मवर प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी, बाजारातून सेन्सर आणून अर्डुइनोला (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला) जोडणारी डिप्लोमाची मुलं आणि कारखान्यात सुरक्षेचं काम बघणारी मंडळी, या सगळ्यांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड वापरला आहे. गटार, सेप्टिक टँक, गोबरगॅसची टाकी, डिस्टिलरीचं सांडपाणी साठवलेली टाकी, अशा आपल्या अवतीभवतीच्या जागांत माणसांचे जीव घेणारा हा वायू आहे. शिवाय ऑक्साइडची फिल्म त्याला ज्या रीतीने पकडते, ते रसायनशास्त्र फार देखणं आहे.

थिन फिल्म म्हणजे नेमकी किती पातळ?

काही दहा नॅनोमीटरपासून साधारण एक मायक्रोमीटरपर्यंत. डोक्याचा केस ७०-८० मायक्रोमीटर जाड धरला, तर त्याच्या सत्तराव्या-ऐंशीव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी. पातळपणाचा आग्रह यासाठी की वायूची सगळी क्रिया पृष्ठभागावर घडते. थर जाड आणि घट्ट असेल तर वायू वरच्या वर क्रिया करतो आणि वीज खालच्या, वायूचा स्पर्श न झालेल्या भागातून निवांत वाहत राहते. मग मीटरवर बदल दिसणार कसा? थर पातळ असला की त्याचा जवळजवळ सगळा भाग वायूच्या प्रभावाखाली येतो.

बाजारात मिळणारे एमक्यू मालिकेतले सेन्सर मात्र थिन फिल्म नाहीत. त्यांत सिरॅमिकच्या बारीक नळीवर टिन ऑक्साइडचा जाड, सच्छिद्र लेप असतो. तत्त्व तेच, बांधणी वेगळी. प्रोजेक्टच्या अहवालात या दोन्हींना सरसकट ‘थिन फिल्म सेन्सर’ म्हटलेलं दिसतं, ते टाळावं.

वायू आला की फिल्मचा रोध का बदलतो?

हा प्रश्न नीट समजला की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून थोडं सविस्तर.

टिन ऑक्साइड हा अर्धवाहक आहे. त्याचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. म्हणून शुद्ध आणि निर्दोष स्फटिक असता तर त्यातून वीज फारशी वाहिलीच नसती. पण प्रत्यक्षातल्या स्फटिकात काही ठिकाणी ऑक्सिजनचे अणू जागेवर नसतात. त्या रिकाम्या जागांमुळे जास्तीचे इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि पदार्थ एन-प्रकारचा, म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणारा, अर्धवाहक बनतो.

आता ही फिल्म हवेत तापवा. हवेतला ऑक्सिजन तिच्या पृष्ठभागावर येऊन बसतो आणि बसताना फिल्ममधले इलेक्ट्रॉन ओढून घेतो. साधारण १५० अंश सेल्सिअसच्या खाली तो रेणूच्या रूपात, एक इलेक्ट्रॉन घेऊन बसतो. त्याच्या वर, अंदाजे ४०० अंशांपर्यंत, एकेकट्या अणूच्या आयनाच्या रूपात असतो आणि तेव्हा तो जास्त क्रियाशील असतो. इलेक्ट्रॉन गेल्यामुळे प्रत्येक कणाच्या बाहेरच्या कडेला इलेक्ट्रॉनांची टंचाई असलेला थर तयार होतो. एका कणातून शेजारच्या कणात जाताना विजेला या कडा ओलांडाव्या लागतात, म्हणून रोध वाढतो.

अशा वेळी हायड्रोजन सल्फाइड आला की तो पृष्ठभागावर बसलेल्या ऑक्सिजनशी क्रिया करतो. सल्फर डायऑक्साइड आणि पाणी तयार होऊन निघून जातात, ऑक्सिजनने अडकवलेले इलेक्ट्रॉन फिल्ममध्ये परततात आणि रोध घसरतो. कार्बन मोनॉक्साइड, अल्कोहोल, एलपीजी, अमोनिया या सगळ्या क्षपणकारी (ऑक्सिजन काढून घेणाऱ्या) वायूंचं थोड्याफार फरकाने असंच होतं. नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, क्लोरीन हे स्वतःच इलेक्ट्रॉन ओढणारे वायू, त्यांच्यामुळे रोध उलट वाढतो. फिल्म कॉपर ऑक्साइड किंवा निकेल ऑक्साइडसारख्या पी-प्रकारच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागांनी वीज वाहणाऱ्या, पदार्थाची असेल तर हे सगळं उलटं वाचायचं.

यातून निघणारी गोष्ट मनात पक्की ठेवावी. फिल्म वायूला ओळखत नाही. तिच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन कमी झाला की वाढला, एवढंच तिला कळतं आणि तेवढंच ती रोधाच्या भाषेत सांगते. तो कोणामुळे कमी झाला, हे शोधणं तिला वापरणाऱ्या माणसाचं काम आहे. या पानावरच्या बऱ्याच सावधगिरीच्या सूचना या एका मर्यादेतून येतात.

याची सुरुवात कुठे झाली?

अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर भोवतालच्या वायूचा परिणाम होतो, हे ब्रॅटन आणि बार्डीन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी १९५३ साली जर्मेनियमवर दाखवलं होतं. वायू ओळखण्यासाठी त्याचा उपयोग १९६२ साली जपानमध्ये झाला. क्यूशू विद्यापीठाच्या तेत्सुरो सेइयामा आणि सहकाऱ्यांनी तापवलेल्या झिंक ऑक्साइडच्या थिन फिल्मचा रोध वायूंमुळे बदलतो हे प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला. जपानी घरांत सिलिंडरचा गॅस पोहोचला होता आणि गळतीमुळे स्फोट होत होते, ही त्यामागची निकड. तागुचींच्या कामातून १९६९ साली फिगारो ही कंपनी उभी राहिली.

लक्षात घेण्याजोगं हे की शास्त्रीय नियतकालिकात आधी आली ती थिन फिल्म, पण बाजार काबीज केला तो भाजलेल्या जाड लेपाने, कारण तो वर्षानुवर्षं टिकत होता. मायक्रोहीटरचं (चिपवरच्या अतिसूक्ष्म हीटरचं) तंत्र पिकल्यावर फिल्मला पुन्हा बाजारात जागा मिळाली.

हायड्रोजन सल्फाइडसाठी टिन ऑक्साइडमध्ये तांबं का घालतात?

टिन ऑक्साइड एन-प्रकारचा, कॉपर ऑक्साइड पी-प्रकारचा. टिन ऑक्साइडच्या फिल्मवर कॉपर ऑक्साइडचे बारीक कण किंवा ठिपके बसवले की दोघांच्या सीमेवर असंख्य पी-एन जंक्शन, म्हणजे विजेला अडवणाऱ्या सीमा, तयार होतात आणि हवेत फिल्मचा रोध खूप चढतो. हायड्रोजन सल्फाइड आला की कॉपर ऑक्साइडचं कॉपर सल्फाइड होतं. हे सल्फाइड धातूसारखं वीजवाहक आहे. जंक्शनचा अडथळाच नाहीसा होतो आणि रोध काही पटींनी नव्हे, शेकडो-हजारो पटींनी कोसळतो. वायू गेला, ताजी हवा आली की सल्फाइडचं पुन्हा ऑक्साइड होतं आणि फिल्म पूर्वपदावर येते.

मला ही जोडी या क्षेत्रातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. इथे फिल्म नुसत्या ऑक्सिजनच्या हिशोबावर अवलंबून राहत नाही, गंधकाशी असलेलं तांब्याचं खास नातं कामाला येतं. कार्बन मोनॉक्साइड किंवा अल्कोहोल कॉपर ऑक्साइडचं सल्फाइड करूच शकत नाहीत, त्यामुळे निवडक्षमता रसायनातूनच मिळते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या जोडीच्या थिन फिल्मवर बरंच काम झालं आहे.

अडचण एकच, पण मोठी. तापमान कमी ठेवलं तर प्रतिसाद जबरदस्त येतो आणि परत येण्याचा वेळ मात्र लांबतो, कारण सल्फाइडचं ऑक्साइड व्हायला उष्णता लागते. एकदा बोंब मारली की पुढचा बराच वेळ तो सेन्सर आंधळा असतो. काही जण म्हणूनच मोजमाप झाल्यावर थोडा वेळ तापमान वाढवून फिल्म ‘साफ’ करतात.

कोणत्या वायूला कोणता ऑक्साइड, याचा तक्ता मिळेल का?

ढोबळ दिशा सांगता येते. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी टंगस्टन ऑक्साइड, ओझोनसाठी इंडियम ऑक्साइड, अमोनियासाठी मॉलिब्डेनम किंवा टंगस्टन ऑक्साइड, अल्कोहोल आणि ॲसिटोनच्या बाष्पांसाठी झिंक ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइडसाठी पॅलेडियम किंवा प्लॅटिनम घातलेला टिन ऑक्साइड.

पण तक्ता भिंतीवर चिकटवून निवड करू नका. एकाच झिंक ऑक्साइडची फवारणीने केलेली फिल्म आणि स्पटरिंगने (निर्वातात आयनांच्या माऱ्याने अणू उडवून) केलेली फिल्म दोन वेगळ्या स्वभावांच्या असतात. कणांचा आकार, सच्छिद्रता, वर टाकलेला उत्प्रेरक आणि चालवण्याचं तापमान या चार गोष्टी पदार्थाच्या नावाइतक्याच, कधी त्याहून जास्त, निकाल ठरवतात.

कॉलेजच्या लॅबमध्ये कमी खर्चात फिल्म कशी करता येईल?

स्प्रे पायरोलिसिस. निर्वात पंप लागत नाही, लाखोंचं यंत्र लागत नाही. टिन क्लोराइडचं पाण्यातलं किंवा अल्कोहोलमधलं द्रावण दाबाच्या हवेने बारीक तुषार करून तापलेल्या काचेवर फवारायचं. काचेचं तापमान बहुधा ३५० ते ५०० अंशांच्या दरम्यान ठेवतात. थेंब काचेजवळ पोहोचेपर्यंत द्रावक उडून जातो, क्षाराचं विघटन होतं आणि ऑक्साइडचा थर बसतो. झिंक ऑक्साइडसाठी झिंक ॲसिटेट वापरलं तर क्लोरीनची कटकटही राहत नाही. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ अशा स्वस्त रासायनिक पद्धतींसाठी, म्हणजे फवारणी, केमिकल बाथ (द्रावणात बुडवून थर बसवणं) आणि सिलार (वेगवेगळ्या द्रावणांत आळीपाळीने बुडवणं), देशभर ओळखलं जातं. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत हे तंत्र तिथे शिकलेल्या शिक्षकांबरोबर पोहोचलं.

मुलं घसरतात त्या जागा ठरलेल्या आहेत. फवारणी एकदम जोरात केली की काच थंड होते आणि फिल्म दुधाळ, भुसभुशीत येते. थोडं फवारून थांबावं, तापमान परत चढू द्यावं, मग पुढचा फवारा. काच आधी डिटर्जंट, ॲसिटोन आणि शुद्ध पाण्याने स्वच्छ केलेली हवी, बोटाचा ठसा असेल तिथे फिल्म हमखास सुटते. फिल्म झाली की लगेच मोजायला बसू नये. ज्या तापमानाला ती चालवायची आहे त्याहून वरच्या तापमानाला आधी काही तास भाजून घ्यावी, नाहीतर मोजमाप चालू असतानाच कण वाढत राहतात आणि रोधाची रेघ स्थिर होतच नाही. जोडण्यांसाठी सिल्व्हर पेस्ट सोपी पडते खरी, पण गरम फिल्मवर चांदी पसरते आणि हायड्रोजन सल्फाइडने काळी पडते. आपला वायूच गंधकाचा असेल तेव्हा सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड घ्यावेत.

फवारणी फ्यूम हूडमध्येच करा. टिन क्लोराइडच्या विघटनातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसांना जाळतो.

फिल्म तापवावी का लागते? साध्या तापमानाला चालणार नाही का?

थंड फिल्मवर क्रिया इतकी मंद असते की प्रतिसाद येता येत नाही आणि आलेला जाता जात नाही. फार तापवली तर वायू पृष्ठभागावर टिकत नाही, किंवा फिल्मच्या वरच्या थरातच जळून संपतो. म्हणून तापमान आणि प्रतिसाद यांचा आलेख घंटेसारखा येतो आणि शिखर बहुतेक वेळा २०० ते ४०० अंशांच्या मध्ये सापडतं. शिखर वायूगणिक वेगळं असतं, आणि हा त्रास नसून हत्यार आहे: तापमान बदलत नेलं तर एकच फिल्म दोन वायूंत फरक करू शकते.

या उष्णतेची किंमत विजेत मोजावी लागते. एमक्यू सेन्सरचा हीटर पाऊण ते एक वॅटच्या आसपास खातो, बॅटरीवर हे परवडत नाही. सिलिकॉनच्या पातळ पडद्यावर मायक्रोहीटर आणि त्यावर फिल्म बसवली तर काही दहा मिलिवॅटमध्ये काम होतं आणि तापमान मिलिसेकंदांत वर-खाली करता येतं. फोनएवढ्या उपकरणांत हे सेन्सर मावतात ते या पडद्यामुळे.

साध्या तापमानाला चालणाऱ्या फिल्मवर संशोधन जोरात आहे. अतिनील प्रकाश टाकून किंवा ग्राफीनसारखे पदार्थ मिसळून ते साधतं. असा शोधनिबंध वाचताना प्रतिसादाचा आकडा नंतर बघा, आधी परत येण्याचा वेळ बघा.

चाचणीच्या पेटीत किती वायू सोडला की किती पीपीएम होतं?

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. पेटी १० लिटरची असेल आणि तीत शुद्ध वायू १ मिलिलिटर सोडला, तर झाले १०० पीपीएम. सिलिंडरमधला वायू आधीच पातळ केलेला, समजा १ टक्का, असेल तर त्याच १०० पीपीएमसाठी १०० मिलिलिटर सोडावा लागेल.

द्रवाच्या बाष्पासाठी एक पायरी वाढते. २५ अंशांना एक मोल वायू २४.४५ लिटर जागा व्यापतो. इथेनॉलचे १०० पीपीएम १० लिटरच्या पेटीत हवे असतील तर १ मिलिलिटर बाष्प, म्हणजे सुमारे १.९ मिलिग्रॅम, म्हणजे अंदाजे २.४ मायक्रोलिटर द्रव. इतका थोडा द्रव मायक्रोसिरिंजनेच मोजता येतो, ड्रॉपरच्या एका थेंबाने पेटीत हजारो पीपीएमचा मारा होईल. पेटीत छोटा पंखा ठेवा, आणि द्रव पूर्ण उडाल्याशिवाय वाचन घेऊ नका.

मिलिग्रॅम प्रति घनमीटर हवं असेल तर पीपीएमला रेणुभाराने गुणून २४.४५ ने भागा. हायड्रोजन सल्फाइडचा १ पीपीएम म्हणजे सुमारे १.४ मिलिग्रॅम प्रति घनमीटर.

एमक्यू-१३५ किंवा एमक्यू-१३६ दोरीला बांधून गटारात, विहिरीत सोडला आणि अलार्म वाजला नाही, तर माणूस उतरवायचा का?

नाही. कोणत्याही परिस्थितीत नाही. हा प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून कारणं नीट सांगतो.

पहिलं, फिल्मला काम करायला ऑक्सिजन लागतो, हे वर पाहिलंच. बंद विहिरीत किंवा टाकीत ऑक्सिजनच कमी झालेला असेल तर सेन्सरचा पाया बदलतो आणि त्याच्या वाचनाला अर्थ उरत नाही. नुसत्या ऑक्सिजनच्या अभावाने माणूस मरतो, आणि हा सेन्सर ते सांगायला बनलेलाच नाही. दुसरं, विहिरीच्या तळाशी साचणारा कार्बन डायऑक्साइड या फिल्मला जवळजवळ दिसत नाही. तिसरं, नव्या एमक्यू सेन्सरला एक-दोन दिवस सलग तापू द्यावं लागतं. खोक्यातून काढून तासाभरात घेतलेलं वाचन कचरा असतं. चौथं, मॉड्यूलवरचा अलार्मचा स्क्रू कोणत्या पीपीएमला लावला आहे हे ज्ञात वायूने तपासल्याशिवाय कोणालाच माहीत नसतं. पाचवं, गटारात मिथेन असू शकतो, आणि हे मॉड्यूल स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित नाही. तशा उपकरणांना मान्यता देणारी पेसो ही केंद्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे.

आता हायड्रोजन सल्फाइडचा स्वभाव बघा. सडक्या अंड्यासारखा वास १ पीपीएमच्या कितीतरी खालीच येतो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आठ तासांसाठी १० पीपीएम आणि पंधरा मिनिटांसाठी १५ पीपीएम अशी मर्यादा घातलेली होती. १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. ‘आता वास गेला, उतरायला हरकत नाही’ हे वाक्य म्हणून जीवघेणं आहे. ५०० च्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो, ७०० ते १,००० च्या पट्ट्यात एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. वरचा माणूस त्याला काढायला घाईने उतरतो आणि तोही गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

आत जाण्याआधी हवा तपासायला ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड एकाच वेळी दाखवणारा, प्रमाणित आणि नुकताच चाचणी वायूने तपासलेला चार वायूंचा मीटर लागतो. त्यात विषारी वायूंसाठी सहसा इलेक्ट्रोकेमिकल सेल असतात. मीटर आत सोडून वरच्या, मधल्या आणि तळाच्या हवेचं वाचन घ्यावं लागतं, आणि काम चालू असेपर्यंत तो चालू राहावा लागतो. शिवाय ब्लोअर, हार्नेस, तिपाई आणि वर थांबलेला माणूस. मुळात गटारं आणि सेप्टिक टँक माणसाला सुरक्षा साधनांशिवाय आत उतरवून साफ करणं हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सेन्सर कितीही चांगला निघाला तरी यंत्राने सफाई करणं हाच पहिला पर्याय राहतो.

मग एमक्यू-१३५ ‘कार्बन डायऑक्साइड’ दाखवतो ते काय?

अंदाज. बंद खोलीत माणसं असली की कार्बन डायऑक्साइडबरोबर श्वास-घामातली सेंद्रिय बाष्पंही वाढतात. सेन्सर ती बाष्पं पकडतो आणि त्यावरून प्रोग्राम एक आकडा काढतो. खोलीत सॅनिटायझर उघडलं तरी तो आकडा चढतो. खरा कार्बन डायऑक्साइड मोजायचा तर अवरक्त प्रकाशावर चालणारा सेन्सर घ्यावा.

पावसाळ्यात वाचन का बिघडतं?

पाण्याची वाफ फिल्मच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गटांच्या रूपात बसते. एन-प्रकारच्या फिल्मचा पायाभूत रोध त्यामुळे खाली येतो आणि ऑक्सिजनला बसायच्या जागा कमी झाल्याने वायूला मिळणारा प्रतिसादही मंदावतो. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत लावलेलं कॅलिब्रेशन रत्नागिरीच्या जुलैत चालत नाही, आणि हा फरक किरकोळ नसतो. शेजारी तापमान-आर्द्रतेचा सेन्सर लावून दुरुस्ती करणं हा किमान उपाय. फिल्म जास्त तापमानाला चालवली तर दमटपणाचा त्रास कमी होतो, पण जात नाही.

फोडणी दिली की गॅसचा अलार्म वाजतो. सेन्सर खराब आहे का?

सेन्सर शाबूत आहे. तेलाची वाफ, अगरबत्तीचा धूर, फिनेल, परफ्यूम, सगळेच पृष्ठभागावरचा ऑक्सिजन खातात. चांगल्या घरगुती अलार्ममध्ये सेन्सरवर सक्रिय कोळशाची गाळणी असते, ती अल्कोहोलसारखे मोठे रेणू अडवते आणि मिथेनसारखे लहान रेणू जाऊ देते. दुसरा मार्ग तापमान खेळवण्याचा. कार्बन मोनॉक्साइडसाठीच्या एमक्यू-७ चा हीटर ६० सेकंद ५ व्होल्टवर आणि ९० सेकंद १.४ व्होल्टवर चालवायचा असतो. थंड टप्प्यात कार्बन मोनॉक्साइड मोजला जातो, गरम टप्प्यात पृष्ठभाग साफ होतो. सतत ५ व्होल्ट देऊन एमक्यू-७ वापरणारे असंख्य प्रोजेक्ट आहेत आणि त्यांतल्या कार्बन मोनॉक्साइडच्या आकड्यांना काही आधार नाही.

तिसरा मार्ग मला सर्वांत आशादायक वाटतो: वेगवेगळ्या स्वभावांच्या अनेक फिल्म एकत्र लावून त्यांच्या प्रतिसादांची नक्षी ओळखायची. १९८२ साली वॉरिक विद्यापीठातल्या परसौद आणि डॉड यांनी मांडलेली ही कल्पना ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे कोलकात्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने अशाच सेन्सरांच्या संचावर चहाचा सुगंध पारखणारं नाक तयार केलं. मात्र ज्या वायूंवर नाकाला शिकवलं तेवढेच ते ओळखतं. अनोळखी वायूलाही ते ओळखीचंच कुठलं तरी नाव देतं, विषारी वायूच्या बाबतीत हे विसरून चालणार नाही.

सेन्सर कशाने मरतो?

सिलिकोनने. खिडकीचं सीलंट, केसांचे काही स्प्रे, काही वंगणं यांतून सिलोक्सेनची बाष्पं निघतात. ती गरम फिल्मवर विघटित होऊन सिलिकाचा थर बसतो आणि तो निघत नाही. सेन्सरची पेटी सिलिकोन सीलंटने बंद करणं म्हणजे त्याला आपल्या हाताने विष देणं. बाकी, जपून वापरला तर धातू-ऑक्साइडचा सेन्सर अनेक वर्षं चालतो, फक्त पायाभूत रोध हळूहळू सरकत राहतो. म्हणून ठरावीक काळाने ज्ञात वायू देऊन तपासणी हवीच.

शोधनिबंधात प्रतिसाद ५,००० लिहिलाय. म्हणजे फार भारी सेन्सर?

आधी व्याख्या बघा. क्षपणकारी वायू आणि एन-प्रकारची फिल्म असेल तर हवेतला रोध भागिले वायूतला रोध, हा एक मार्ग. काही जण फरकाची टक्केवारी देतात. एकाचं ५० दुसऱ्याचं ४,९०० होतं, सेन्सर तोच.

मग वायूचं प्रमाण बघा. मर्यादा १० पीपीएमची आणि चाचणी १,००० पीपीएमला, अशा निबंधाचा सुरक्षेशी संबंध नाही. तिथे माणूस आधीच गेलेला असतो. कमीत कमी किती पीपीएम ओळखला, दमट हवेत चाचणी केली का, महिन्याभराने तीच फिल्म तेच सांगते का, शेजारचे वायू मिसळून पाहिले का, हे प्रश्न महत्त्वाचे. कोरड्या नायट्रोजनमध्ये किंवा कृत्रिम कोरड्या हवेत काढलेला अफाट आकडा खऱ्या गटाराच्या तोंडाशी बहुधा टिकत नाही.

मोठा आकडा येण्यामागे खरं विज्ञानही असतं, ते नाकारू नये. जपानी संशोधक नोबोरू यामाझोए यांच्या गटाने दाखवून दिलं की टिन ऑक्साइडचे कण ६ नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान झाले की प्रतिसाद एकदम उसळतो. इलेक्ट्रॉनांच्या टंचाईचा थर सुमारे ३ नॅनोमीटर खोल असतो, त्यामुळे इतका लहान कण दोन्ही बाजूंनी मिळून पूर्णच त्याच्या कह्यात येतो. पण ३००-४०० अंशांवर महिनोन् महिने ठेवलेले इतके लहान कण एकमेकांत मिसळून वाढतात, म्हणून संवेदनशीलता आणि टिकाऊपणा यांची ओढाताण संपत नाही.

सेन्सर भिंतीवर किती उंचीवर लावावा?

एलपीजी हवेहून जड, म्हणून जमिनीलगत. अमोनिया हलका, म्हणून बर्फाच्या कारखान्यात किंवा शीतगृहात छताजवळ, कॉम्प्रेसरच्या वरच्या बाजूला. हायड्रोजन सल्फाइड हवेहून थोडा जड, खड्ड्यांत आणि तळाशी साचतो. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ हवेइतकाच, त्यामुळे माणसांच्या श्वासाच्या उंचीवर. पंख्याच्या थेट झोतात कुठलाच नको.

कॉलेजात चाचणीसाठी हायड्रोजन सल्फाइड कसा हाताळायचा?

जुन्या किप उपकरणात आयर्न सल्फाइड आणि आम्ल घालून वायू काढायची पद्धत या कामाला अजिबात वापरू नका. किती तयार होईल त्यावर ताबा नसतो. नायट्रोजनमध्ये किंवा हवेत पातळ केलेला, प्रमाणपत्रासह आलेला, शक्य तितक्या कमी पीपीएमचा छोटा सिलिंडर मागवा. १० पीपीएमवर काम करायचं असेल तर शंभर-दोनशे पीपीएमचा सिलिंडर पुरतो. तो अख्खा फ्यूम हूडमध्ये ठेवा. चाचणीच्या पेटीतून बाहेर पडणारा वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून बुडबुड्यांनी सोडा, त्यापुढे मोरचुदाच्या द्रावणाची दुसरी बाटली ठेवा. तिथे काळा साका दिसू लागला की पहिली बाटली संपली असं समजून काम थांबवायचं. वापरलेल्या सोड्याच्या द्रावणात आम्ल कधीही ओतू नका, अडकवलेला सगळा वायू एकदम बाहेर येतो. लॅबमध्ये दोघांनी मिळून काम करा, एकट्याने कधीच नाही, आणि दोघांच्या छातीवर प्रमाणित हायड्रोजन सल्फाइडचा वैयक्तिक मीटर असू द्या. आपण बनवलेली फिल्म कितीही छान चालत असली, तरी त्या खोलीतला सुरक्षेचा मीटर म्हणून तिच्यावर भिस्त ठेवायची नाही. ती अजून परीक्षेला बसलेली आहे.